बावखलावरचा मांडव

हे मी कुमसारातही सांगितलेलं नाही. म्हणजे चर्चमध्ये, जाळीपलीकडे बसलेल्या फादरांच्या कानात, जिथे माणूस शेजारच्या झाडाचा आंबा उचलला तरी सांगून मोकळा होतो — तिथेही नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या मे महिन्यात माझ्या खांद्यावर जी शाल पडली ती अजून घडी न मोडता कपाटात आहे, आणि कपाट उघडलं की पहिली तीच दिसते, म्हणून असेल.

शालीचं आधी सांगते. तेवढं सांगायला सोपं आहे.

आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. केळीच्या वाड्या, पानवेली, मोगरा, आणि आता मधे मधे इमारती. मी इथली सून. जवळच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊनही लहानथोर सगळे मला टीचरच म्हणतात. तर झालं असं, की मी घरामागची फरसबंद जागा उकरून तिथलं जुनं बावखल पुन्हा मोकळं केलं. गावातल्या तरुण पोरापोरींनी कार्यक्रम ठेवला. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. भाषणं झाली — पृथ्वी तापते आहे, समुद्र वर येतो आहे, अशा वेळी टीचरांनी आपली जागा पाण्याला दिली, वगैरे. टाळ्या. शाल. मग बोळिंजहून लेकीच्या गाडीतून खास आणलेली आग्नेसकाकी काठी टेकत पुढे आली, माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "माज्या विहिरीसाठी केलंस ना, बाय."

मी म्हणाले, "त्यात काय एवढं, काकी."

त्यात काय एवढं! — उचलली जीभ, लावली टाळ्याला. आयुष्यभर वर्गात उभं राहून बोलण्याची ही सवय.

बावखल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे वाडीच्या मधोमध पूर्वजांनी खणलेलं गोल तळं असतं, त्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आणि आजूबाजूच्या विहिरी उन्हाळाभर गोड राहतात. समुद्र एवढा जवळ असून आमच्या विहिरी गोड कशा, याचं परगावच्या पाहुण्यांना नेहमी नवल वाटायचं. जमिनीखाली गोडं पाणी भरलेलं असलं की खाऱ्या पाण्याला आत शिरायला जागा मिळत नाही — एवढंच त्यातलं गुपित. मे महिन्यात सगळी शेजारची घरं मिळून बावखलाचा गाळ काढायची, तो गाळ केळींना जायचा आणि त्यात सापडलेल्या माशांचं कालवण सगळ्यांच्या घरी शिजायचं. पुढे घरोघर नळ आले. गरज सरो, वैद्य मरो. गाळ काढणं थांबलं, वर जलपर्णी पसरली, डास झाले. आमचं बावखल आमच्या जागेत होतं, पण त्याच्या पाण्यावर सगळ्यात जास्त जगत होती ती शेजारची आग्नेसकाकी.

काकी म्हणजे ह्यांची चुलतकाकी. नवरा लवकर गेला, एक मुलगी, आणि तिची ती विहीर आणि राजेळी केळींची वाडी. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला दटावलं होतं, की मला अहोजाहो करशील तर पाणी पाजणार नाही. तेव्हापासून मी तिला अगं-तुगंच करते. राजेळी पिकली की ती सोलून उन्हात सुकवायची आणि केळीच्या सोपटात, म्हणजे बुंध्याच्या वाळक्या सालीत, बांधून सुकेळी करायची. वसईत सुकेळी करणारी घरं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नाताळच्या सुमारास सुकेळीचं पहिलं पुडकं आमच्या लेकीला, रोशनीला मिळायचं, स्वतःच्या नातवंडाच्याही आधी.

मग त्या रोशनीचं लग्न ठरलं.

हॉल घ्या, असं सगळेच म्हणत होते. मला हॉल नको होता. माझ्या जाऊबाईने तिच्या मुलीचा मांडव दारात घातला होता, आणि त्या मांडवात किती माणूस जेवलं याच्या कथा मी तोवर पुरेशा ऐकल्या होत्या. आमचं अंगण लहान. आणि मागे एवढी मोठी जागा नुसती पाण्याखाली! तेव्हा स्टेशनकडे जुन्या इमारती पाडायचा सपाटा चालला होता, राडारोडा कुठे टाकायचा हा ट्रकवाल्यांना प्रश्न होता. मी नुसता एक फोन केला. ट्रक आले, पाठ करून उभे राहिले, आणि विटा-फरशा धडाधड त्या पाण्यात गेल्या. पहिला ट्रक रिकामा झाला तेव्हा काठावरचा बगळा उडून काकीच्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. मी ते पाहिलं आणि ट्रकवाल्याला चहा विचारला.

हे तेव्हा आखातात नोकरीला होते. त्यांना फोनवर सांगितलं, बावखल आटूनच गेलं होतं. खोटं. काकीला सांगितलं, सरकारी माणूस येऊन गेला, डासांच्या अळ्या सापडल्या, बुजवा नाहीतर दंड करतो म्हणाला. कुणी आलं नव्हतं. ती म्हणाली, "मग माज्या विहिरीचं कसं?" मी म्हणाले, अगं, मांडव उठला की परत उकरून देते.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. बावखलं काय, वसईत पुष्कळांनी बुजवली — कुणी बंगल्यासाठी, कुणी गाडीसाठी. मी लग्नासाठी बुजवलं. एवढ्यावर निभावलं असतं तर मी आज कागद पुढे घेऊन बसले नसते.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. बँड पुढे, बायका मागे, डोक्यावर कळशा. आम्ही कुठल्या विहिरीवर गेलो असू? अर्थात काकीच्या. गावात तिच्याच विहिरीचं पाणी सगळ्यात गोड. पहिला तांब्या तिने रोशनीच्या डोक्यावर ओतला आणि म्हणाली, "पानी गोड हाय, पोरीचा संसारबी गोड होनार." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. मागे मांडवाचे बांबू ताज्या भरावात रोवून झाले होते. त्या क्षणी मला काही वाटलं का? खरं सांगते — जेवणाच्या पंगतींचं वाटत होतं. भात कमी पडू नये, एवढंच.

जेवण छान झालं. जाऊबाईंनीही मान्य केलं.

मांडव उठला. उकरायचं राहिलं. आधी पाहुणे, मग शाळेच्या परीक्षा, मग पाऊस. पुढच्या वर्षी तिथे फरसबंदी केली, जावयाची गाडी लावायला. काकीने दोनदा आठवण केली, मग सोडून दिली. मग एक पावसाळा असा आला, की दिवसभर आभाळ फाटल्यासारखं कोसळलं आणि पुढे कितीतरी दिवस थेंब नाही. पूर्वी असं पाणी बावखलात उतरायचं. आता ते माझ्या फरशीवरून सरळ काकीच्या स्वयंपाकघरात गेलं. मी बादली, झाडू घेऊन धावले. दोन दिवस तिच्याकडे जेवणाचे डबे पाठवले. काकी सगळ्यांना सांगत सुटली, की शेजार असावा तर असा. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. बघा, कसं असतं माणूस!

आणि नंतरच्या उन्हाळ्यांत तिची विहीर मचूळ व्हायला लागली. आधी नुसती चहात कळायची. मग भात शिजवताना. मग राजेळीच्या पानांच्या कडा करपल्या, तव्यावर राहिलेल्या पोळीसारख्या. घड लागायचे पण केळं भरायचं नाही. डिसेंबरात अवेळी पाऊस येऊन सुकत घातलेली केळीही बुरशीने गेली. ते पावसाचं काम, ते मी माझ्या अंगावर घेत नाही. विहिरीचं मात्र काकीने ओळखलं. अक्षरओळख जेमतेम असलेली बाई, पण जन्म पाण्याशेजारी काढलेला. मिस्सा झाल्यावर चर्चबाहेर ती बायकांना म्हणाली, की टीचरच्या भरावाने माझी विहीर मारली.

चार तोंडांतून ते माझ्याकडे आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या तर डोक्यात ऊन तापलं. मला राग आला — खराखुरा, अगदी निरपराध माणसाला येतो तसा. मी! मी, जिने हिचं घर उपसलं! त्याच संध्याकाळी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि तिला भूगोल शिकवला.

काय शिकवलं? सगळं खरं. जग तापतंय, काकी. धुराने, कारखान्यांनी, गाड्यांनी. ध्रुवावरचा बर्फ वितळतो, समुद्र फुगतो, किनारा खातो. भुईगावच्या बाजूला सुरूची झाडं कशी उन्मळून पडली, तूच पाहिलीस ना? पाऊस बेभरवशाचा झाला, एकदम पडतो आणि वाहून जातो, मुरत नाही. मग समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. हे इथेच नाही, सगळ्या जगात चाललंय. मी बोटाने ओट्याच्या धुळीत समुद्र काढला, जमीन काढली, विहीर काढली. बावखल तेवढं काढलं नाही.

काकीने सगळं निमूट ऐकलं. शेवटी तिने विचारलं, "म्हंजे दोष कुनाचा?"

मी म्हणाले, "कुणाचाच नाही."

जागतिक तापमानवाढ. केवढा मोठा शब्द आहे, नाही? त्याच्या आड माझे ट्रक सहज लपले. आणि त्या शब्दात खोटं काही नव्हतं, हीच तर त्याची सोय. समुद्र खरंच वर येतोय. पण खारं पाणी दाराशी आलेलं ठाऊक असताना घराची कडी कुणी काढली? भूगोलाच्या बाईला हे कळत नव्हतं? कळत होतं. वर्गात मी भूजलाचा धडा शिकवताना फळ्यावर बावखल काढत आले होते. मुलांना ते परीक्षेत यायचं.

अजूनही मुद्द्यावर आलेले नाही मी. येते.

उपवासकाळ होता, ईस्टरच्या आधीचे दिवस. कुमसारासाठी चर्चबाहेर रांग लागली होती. आमच्यात जुनी रीत आहे — फादरांपुढे गुडघे टेकण्याआधी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याशी गोड करायचं, मगच आत जायचं. काकी रांगेत माझ्या पुढे होती. तिची पाळी जवळ आली, तशी ती रांग सोडून मागे वळली. त्या उन्हात, एवढ्या बायकांसमोर, तिने माझ्यापुढे हात जोडले. म्हणाली, "मी तुज्यावर खोटा आळ घेतला. मला शिकवलंस तवा कळलं. माफ कर मला, मंग मी आत जाते."

सगळ्या बायका बघत होत्या. मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. काकी, आळ खोटा नाही. तिला तेवढंच हवं होतं असंही नाही, तिला तर तेही नको होतं, तिला फक्त आत जायला मोकळं मन हवं होतं. पण ते वाक्य माझं होतं, आणि मी ते गिळलं. मी तिचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले, तिच्या खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे काकी. मी मनात काही ठेवलं नाही."

मी तिला माफ केलं.

कितीजणींचे डोळे पाणावले. आणि मला, सांगायला लाज वाटते, हलकं वाटलं. मोठेपणा केल्यासारखं वाटलं. चोर तो चोर, वर शिरजोर — ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून कितीदा दिली असेल!

काकी आत गेली. न केलेलं पाप सांगून बाहेर आली, चेहरा धुतल्यासारखा. मग माझी पाळी. गुडघे टेकायची फळी तिच्या गुडघ्यांनी अजून कोमट होती. मी सांगितलं, की राग आवरत नाही, एका रविवारी मिस्सा चुकली, जाऊबाईविषयी वाईट बोलले. फादरांनी काही प्रार्थना म्हणायला सांगितल्या, त्या मी नेमाने म्हटल्या. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, अशी आज्ञा आहे. मी तर शब्दन् शब्द खरी साक्ष दिली होती. मग हे पाप सांगायचं तरी कुठल्या आज्ञेखाली? — असली वकिली मी त्या फळीवर गुडघे टेकून करत होते.

त्यानंतर काकीने कधी तक्रार केली नाही. दोष कुणाचाच नसेल तर तक्रार कुणाकडे करायची? भांडत राहिली असती तर कदाचित मी लाजेकाजेने उकरलं असतं. गाव तिच्या बाजूने उभं राहिलं असतं. पण तिने मान खाली घातली, जगाचं तापणं स्वीकारलं आणि एकेक करून राजेळीचे बुंधे काढून टाकले. शेवटचं सुकेळीचं पुडकं तिने रोशनीच्या बाळासाठी दिलं. मग लेक तिला बोळिंजला घेऊन गेली, उंच इमारतीत. तिथे टाकीचं पाणी येतं. बाल्कनीत तिने केळीचं एक पिल्लू कुंडीत लावलंय, ते वाऱ्याने फाटतं, असं लेक सांगते.

मी मात्र त्या विषयातली जाणकार झाले. चर्चच्या कार्यक्रमात, शाळांत, महिला मंडळात हवामानबदलावर मलाच बोलवायचे. कापडी पिशव्या वापरा, झाडं लावा, समुद्र येतोय. ओट्यावरचा तोच धडा, फक्त आता माइकवर.

मग गावातल्या मुलांनी पलीकडच्या टोकाचं एक बावखल साफ केलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या विहिरीला चव परत आली. समुद्र तोच, पाऊस तसाच लहरी, तरी पाणी गोडावलं. मुलं नाचत माझ्याकडे आली — टीचर, चाखून बघा! मी चाखलं. तो घोट गिळायला मला किती वेळ लागला, ते त्यांना कळलं नाही.

म्हणून मी उकरलं. पश्चात्तापाने? मला सांगता येत नाही. मुलं विचारायला आली आणि नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं. खणताना कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या निळ्या फुलांच्या फरशा निघाल्या, आणि एक बांबूचं बूड, मांडवाचं, कापून तसंच जमिनीत राहिलेलं. ते मी ह्यांना दिसायच्या आत बाजूला टाकलं. ह्यांना तर अजून वाटतं, की ते बावखल आटलं होतं.

पाऊस झाला, बावखल भरलं. विहीर मचूळच आहे. एका पावसाने भागत नाही. इतक्या वर्षांत आत शिरलेलं खारं पाणी निघायला किती वर्षं लागतील, आणि समुद्र तेवढी सवड देईल का, मला माहीत नाही. दर रविवारी मिस्सेनंतर काकीचा फोन येतो. मी आधीच तिच्या विहिरीवर जाऊन चूळ भरून आलेली असते. ती विचारते, "पानी गोड झालं?" तिला परत यायचंय. राजेळी लावायचीय. मी म्हणते, होतंय काकी, होतंय. जिभेवरचं मीठ तोवर गेलेलं नसतं.

तिच्याजवळ फार दिवस नाहीत. माझ्याजवळ तिचा नंबर आहे, बोळिंजची बस आहे, पाय धड आहेत. तरी मी हे तुम्हाला सांगितलं, तिला नाही. तेही लिहून ठेवते.

काकीने माझ्यावर घेतलेला आळ खरा होता. तिने माझी माफी मागितली, आणि मी ती दिली.